काटा, संगणक आणि मधली वायर

काष्टीचा शनिवारचा जनावरांचा बाजार ज्याने पाहिला आहे, त्याच्या एक गोष्ट ध्यानात आल्याशिवाय राहत नाही. तेथे मोठमोठे व्यवहार होतात, पण तराजू कोठेच दिसत नाही. बैलाचे दात पाहावेत, खूर निरखावेत, चार पावले चालवून घ्यावे आणि पारखी माणसाने किंमत सांगावी. रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरवण्याची रीत तर महाराष्ट्रातील बैलबाजारांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. श्रीगोंदा तालुक्यातील, दौंड-मनमाड लोहमार्गावरील या गावाचे नाव दूरवर गेले ते या बाजारामुळेच.

त्याच गावातील भुसाराच्या पेढीवर मात्र पारखी डोळ्याला निम्मीच किंमत आहे. मक्याचा दाणा कसा, सोयाबीनमध्ये ओल किती, हे मुठीत घेऊन सांगता येईल. माल किती क्विंटल, हे काट्यानेच सांगावे लागते. शेतकरी ट्रॉली काट्यावर चढवतो तेव्हा वर्षभराची मेहनत एका आकड्याच्या स्वाधीन करतो. तो आकडा त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला आणि तोच आकडा पावतीवर उमटला, तर पुढच्या हंगामात तो पुन्हा त्याच पेढीच्या दारात येतो.

जुन्या पिढीला शेर-मणांचा काळ आठवतो. ८० तोळ्यांचा शेर आणि ४० शेरांचा मण हे प्रमाण, पण पायली-अधोलीसारखी मापे गावोगाव निराळी. १९५६ च्या कायद्याने मेट्रिक वजने स्वीकारली गेली आणि १ ऑक्टोबर १९५८ पासून ती टप्प्याटप्प्याने बाजारात आली. लोखंडी वजनांची जागा पुढे इलेक्ट्रॉनिक काट्यांनी घेतली. आजच्या भुईकाट्याखाली लोडसेल बसवलेले असतात. पोलादी ठोकळ्यावर भार पडला की तो अगदी सूक्ष्म, डोळ्याला न दिसण्याइतका वाकतो. त्याला चिकटवलेल्या पातळ तारेचा विद्युतरोध त्यामुळे बदलतो. आणि तो बदल मोजून इंडिकेटर किलोचा आकडा लाल अक्षरांत दाखवतो. अशा काट्याची वैधमापन शास्त्र विभागाकडून दर वर्षी फेरपडताळणी करून घ्यावी लागते. अधिकारी प्रमाणित वजने ठेवून काटा तपासतो, सील लावतो, प्रमाणपत्र देतो. ते प्रमाणपत्र पेढीवर दर्शनी भागात लावलेले असते.

पण इंडिकेटरवर उमटलेला आकडा पावतीवर जातो कसा? बहुतेक पेढ्यांवर तो एका वायरीतून संगणकात जातो आणि संगणक पावती छापतो. शासनाचे सील काट्यावर आहे; दुकानातल्या संगणकावर नाही. काट्यापासून कागदापर्यंतचा हा दीड-दोन मीटरचा रस्ता व्यापाऱ्याच्या सचोटीवर सोडलेला आहे. सध्या अनेक पेढ्यांवर नेमका हाच रस्ता खचतो आहे, आणि त्याचे कारण कोणाची नियत नसून संगणकाच्या मागच्या बाजूने नाहीसा झालेला एक नऊ पिनांचा पोर्ट आहे.

काष्टीतील एका पेढीवर हा प्रसंग २०२५ च्या दिवाळीच्या तोंडावर आला. मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चे अधिकृत पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवले, तेव्हा अनेक व्यापारी कुटुंबांनी वहीपूजनाच्या निमित्ताने संगणकही नवे घेतले. या पेढीवरचा जुना संगणक तर त्याच आठवड्यात आपणहून बंद पडला. काकांनी नवा लॅपटॉप आणवला. पुण्यात बी.कॉम.ला असलेला पुतण्या सुट्टीवर आला होता. त्याने टॅली बसवले, जुना हिशेब उतरवून घेतला, प्रिंटर जोडला. मग काट्याची वायर हातात घेतली आणि लॅपटॉप चहूबाजूंनी फिरवून पाहिला. वायर लावायला जागाच नव्हती.

मका आणि सोयाबीनची आवक जोरात होती. काटा थांबवणे शक्य नव्हते. म्हणून तीन दिवस काटाखोलीत बसणारा मुलगा इंडिकेटरवरचा आकडा आधी वहीत उतरवी, आणि गर्दी ओसरली की वहीतून संगणकात टाकी. चौथ्या दिवशी सकाळी एक शेतकरी पावती हातात घेऊन आला.

“शेठ, काट्यावर तर साडेसात हजाराच्या वर आकडा व्हता. पावतीवर सव्वासात कसा?”

दिवाणजींनी वही काढली. वहीत भरलेल्या ट्रॉलीचे वजन ७,५२० होते, संगणकात ७,२५०. फरक २७० किलोंचा. क्विंटलला २,००० रुपये धरले तरी ५,४०० रुपये. काकांनी त्याच क्षणी पैसे मोजून दिले आणि नवी पावती केली. शेतकरी समाधानाने गेला. पण काका अस्वस्थच राहिले. जो आला त्याचा हिशेब चुकता झाला, जो आला नाही त्याचे काय?

दिवाणजींनी तीन दिवसांची वहीतली बेरीज आणि संगणकातली बेरीज समोरासमोर मांडली. पहिल्या दिवशी फरक शून्य. दुसऱ्या दिवशी २७०, म्हणजे सापडलेलाच. तिसऱ्या दिवशी ९०. जुन्या मुनिमांना एक खूण ठाऊक असते: बेरजांमधला फरक ९ ने पूर्ण भागला गेला, तर बहुधा कोठेतरी दोन अंकांची अदलाबदल झालेली असते. दिवाणजींनी तिसऱ्या दिवसाच्या पानावर बोट फिरवले आणि पाचव्या ओळीत ४,८७० च्या जागी संगणकात ४,७८० झालेले त्यांना मिळाले. तो शेतकरी तक्रार घेऊन आलाच नव्हता. कदाचित त्याने पावती वाचलीही नसेल. त्याचे पैसे घेऊन संध्याकाळी पुतण्या त्याच्या वस्तीवर गेला.

परत आल्यावर काकांनी त्याला एवढेच सांगितले, “वायर चालू होईपर्यंत दुसरं कुठलंही काम नको.”

या वायरीची कुळकथा जुनी आहे. आरएस-२३२ नावाचे हे प्रमाण १९६० मध्ये अमेरिकेतील इलेक्ट्रॉनिक इंडस्ट्रीज असोसिएशनने ठरवले. टेलिप्रिंटरसारखी यंत्रे मोडेमला जोडता यावीत हा त्यामागचा हेतू. पुढे बराच काळ चाललेली त्याची ‘सी’ आवृत्ती १९६९ ची. आयबीएमच्या १९८४ च्या पीसी-एटी संगणकावर त्याचा नऊ पिनांचा पोर्ट आला आणि घरोघरी तोच रूढ झाला. १९९६ मध्ये यूएसबी आले, आणि हळूहळू उंदीर, कीबोर्ड, प्रिंटर सारेच त्या वाटेने गेले. लॅपटॉपवरून नऊ पिनांचा पोर्ट गेला, तरी वजनकाटे, प्रयोगशाळेतील यंत्रे, कारखान्यातील नियंत्रक आजही तीच जुनी भाषा बोलतात. यात काटेवाल्यांचा मागासलेपणा नाही. तीन तारा पुरतात: एक बोलण्याची, एक ऐकण्याची, एक जमिनीची. प्रत्येक अक्षर दहा ठोक्यांत जाते: सुरुवातीचा एक, मजकुराचे आठ, शेवटचा एक. सेकंदाला ९,६०० ठोक्यांचा वेग ठेवला तर ९६० अक्षरे जातात. वजनाच्या आकड्याला त्याहून अधिक घाई कशाला हवी? असा काटा नीट निगा राखल्यास वर्षानुवर्षे चालतो, आणि चालणारी, सीलबंद, पडताळलेली वस्तू केवळ लॅपटॉपला पोर्ट नाही म्हणून भंगारात काढणे कोणत्याही व्यापाऱ्याला पटणार नाही.

दोहोंच्या मध्ये बसणारी वस्तू म्हणजे यूएसबी-टू-सीरियल अडॅप्टर. एका टोकाला यूएसबी, दुसऱ्या टोकाला नऊ पिना, आणि मधल्या फुगीर भागात एक छोटी चिप. ही चिप दुभाष्याचे काम करते. पण या दुभाष्याशी बोलायला संगणकालाही एक प्रोग्राम लागतो, त्यालाच ड्रायव्हर म्हणतात. प्रत्येक चिप संगणकाला जोडताक्षणी आपली ओळख दोन क्रमांकांनी सांगते: एक बनवणाऱ्या कंपनीचा, दुसरा वस्तूचा. ते क्रमांक पाहून विंडोज योग्य ड्रायव्हर शोधते. पुढच्या साऱ्या गोंधळाचे मूळ या ओळखीतच आहे.

पुतण्याने जवळच्या बाजारातून एक अडॅप्टर आणला. किंमत माफक, वेष्टनावर नाव नामांकित चिपचे. तो लॅपटॉपला जोडला आणि डिव्हाइस मॅनेजर उघडले, तर नावापुढे पिवळा त्रिकोण, आणि खाली ‘कोड १०’, म्हणजे हे उपकरण सुरू होऊ शकत नाही. त्याने ड्रायव्हर काढला, पुन्हा टाकला, लॅपटॉप बंद करून सुरू केला. त्रिकोण तेथेच.

असे पिवळे त्रिकोण जगभर लाखो लोकांनी पाहिले असतील. तैवानच्या प्रोलिफिक कंपनीची पीएल २३०३ ही चिप अतिशय लोकप्रिय होती, म्हणून तिच्या नकला निघाल्या. नकली चिप खऱ्या चिपचेच ओळख-क्रमांक सांगते, म्हणून संगणक तिच्यासाठी खऱ्या कंपनीचाच ड्रायव्हर आणतो. नकला प्रामुख्याने जुन्या आवृत्तीच्या होत्या. कंपनीने नव्या ड्रायव्हरमध्ये त्या जुन्या आवृत्तीचा आधारच काढून टाकला. विंडोज ११ मध्ये तर उपकरणाच्या नावाच्या जागी ही चिप २०१२ पासून बंद केली आहे, आपल्या विक्रेत्याशी संपर्क साधा, अशा अर्थाचे वाक्य दिसते. यात खरी पण जुनी चिप बाळगणारे ग्राहकही भरडले गेले. त्यांनी पूर्ण पैसे देऊन घेतलेली वस्तू एका अपडेटनंतर मुकी झाली.

यावर एक प्रचलित उपाय आहे, आणि पुतण्याला तो रात्री उशिरा सापडला. डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या नावावर उजवे बटण दाबून ‘अपडेट ड्रायव्हर’ निवडायचे. संगणकाला शोधू न देता यादीतून स्वतः निवडण्याचा पर्याय घ्यायचा. आणि तेथे २००८ च्या सुमाराची जुनी आवृत्ती निवडायची. ती यादीत नसेल तर आधी संगणकात बसवावी लागते. त्याने तसे केले, आणि त्रिकोण गेला. ‘कॉम ५’ असे नाव उमटले. तो आनंदाने झोपायला गेला. सकाळी काटा सुरू झाला तेव्हा त्रिकोण परत आलेला होता. रात्रीतून विंडोजने आपणहून नवा ड्रायव्हर बसवला होता.

हा उपाय चुकीचा नाही. हाताशी दुसरे काही नसेल तर तो करावाच. पण ज्या पेढीवर दिवसभर ट्रॉल्या उभ्या राहतात, तेथे रोज सकाळी ड्रायव्हर मागे ओढण्यावर वजनाचा व्यवहार ठेवणे शहाणपणाचे नव्हे. काकांना संगणकातले फारसे कळत नव्हते, तरी त्यांनी विचारलेला प्रश्न बरोबर होता: “ही वस्तू खरी आहे का?”

पुतण्याने अडॅप्टर खरा नसल्याची शंका सांगितली. मग घरात संध्याकाळी यावरच बोलणे चालले. पुतण्याने २०१४ ची एक हकीकत काढली. स्कॉटलंडमधील ग्लासगो येथील एफटीडीआय ही याच धंद्यातली दुसरी मोठी कंपनी. तिच्या एफटी २३२ चिपच्या नकला इतक्या पसरल्या की २०१४ च्या शरद ऋतूत विंडोज अपडेटमधून आलेल्या तिच्या नव्या ड्रायव्हरने नकली चिप ओळखून तिचा वस्तू-क्रमांकच पुसून शून्य करण्यास सुरुवात केली. एकदा असे झाले की ती चिप त्या संगणकावर नव्हे, कोणत्याच संगणकावर नेहमीसारखी ओळखली जात नसे. लोकांमध्ये मोठा संताप उसळला, कारण बहुतेकांना आपल्या यंत्रात कोणती चिप आहे याचा पत्ताही नव्हता. कंपनीला तो ड्रायव्हर मागे घ्यावा लागला. २०१६ मध्ये तिने निराळी युक्ती केली: नकली चिप सापडली की खऱ्या मजकुराऐवजी अस्सल नसलेले उपकरण सापडले, अशा अर्थाचे इंग्रजी वाक्य वायरीवर पाठवायचे. भुईकाट्याच्या संगणकाला वजनाच्या जागी असे वाक्य मिळाले, तर पावतीवर काय छापले जाईल याची कल्पनाच करावी.

“कंपनीचं काय चुकलं?” पुतण्या म्हणाला. “ड्रायव्हर तिने लिहिला, खर्च तिने केला, आणि नकलाकार फुकट वापरतात.”

“चूक नकलाकाराची, हे खरं,” काका म्हणाले. “पण शिक्षा झाली ती दुकानातून पैसे देऊन आणणाऱ्याला. चोर सोडून संन्याशाला फाशी यालाच म्हणतात.”

दोघांचेही म्हणणे पूर्णपणे खोडून काढता येत नाही. तरीही घेणाऱ्याची वस्तू त्याला न विचारता निकामी करण्याचा अधिकार विकणाऱ्यालाही नसावा, आणि येथे तर विकणारा निराळाच होता. प्रतिक्रमण करणाऱ्या घरात या वादाला आणखी एक पदर असतो. अचौर्य अणुव्रताच्या पाच अतिचारांत कूटतुला-कूटमान आणि तत्प्रतिरूपक व्यवहार हे दोन शेजारी-शेजारी येतात: एक खोट्या तोल-मापाचा, दुसरा अस्सलाच्या नावाखाली नकली वस्तू खपवण्याचा. ते दोन्ही एका वायरीत एकत्र येतील, हे त्या घरातील कोणाच्या मनात कधी आले नव्हते. नकली चिपमुळे वायर बंद पडली. वायर बंद पडल्याने आकडा हाताने टाकला गेला. आणि हाताने टाकलेल्या आकड्याने, कोणाच्याही मनात खोट नसताना, दोन शेतकऱ्यांचे माप कमी भरले.

आजींनी मध्येच विचारले, “मग ती केबल परत देणार?” विकणाऱ्याने परत घेतली तर तो ती दुसऱ्याला विकणार, हे सर्वांनाच दिसत होते. पैसे गेले तर जाऊ द्यात, पण ती कोणाच्या गळ्यात घालायची नाही, असे ठरले. तरी काका दुसऱ्या दिवशी दुकानदाराला प्रत्यक्ष भेटून आले. वेष्टनावर एक नाव आणि आत दुसरेच असल्याचे त्यांनी त्याला शांतपणे दाखवले. तो बिचारा स्वतःही वरून आलेला माल तसाच विकत होता. चिप म्हणजे काय, हे त्याने प्रथमच ऐकले.

नव्या अडॅप्टरच्या शोधात पुतण्याला एक विशेष गोष्ट कळली. अस्सल माल म्हणजे महाग माल, असे मुळीच नाही. चीनमधील नानजिंग येथील डब्ल्यूसीएच कंपनीची सीएच ३४० ही चिप अतिशय स्वस्त आहे, आणि ती दुसऱ्याचे नाव लावत नाही. स्वतःच्याच क्रमांकाने ओळख देते, तिचा स्वतःचा ड्रायव्हर आहे. स्वस्तपणा हा दोष नाही, खोटे नाव हा दोष आहे. नामांकित चिप हवी असेल तर विश्वासू विक्रेत्याकडून, पक्के बिल घेऊन, चिपचे नाव बिलावर लिहून घ्यावे. ज्यांच्याकडे लॅपटॉप नसून टेबलावरचा संगणक आहे, त्यांनी तर खरेदीपूर्वी आत डोकवावे. पुष्कळ मदरबोर्डांवर आजही ‘कॉम’ असे लिहिलेला नऊ पिनांचा जोड असतो; त्याला एक पट्टीची केबल लावली की खरा सीरियल पोर्ट मागे येतो आणि अडॅप्टरची गरजच उरत नाही. मात्र केबलमधील पिनांची मांडणी त्या मदरबोर्डाशी जुळणारी आहे ना, ते विचारून घ्यावे.

सीएच ३४० चा अडॅप्टर आला, जोडला, त्रिकोण दिसला नाही. पण काट्याचा आकडा तरीही येईना. येथे बहुतेक लोक घाबरून पुन्हा ड्रायव्हरच्या मागे लागतात. पुतण्याने तसे केले नाही, आणि ते त्याच्या बुद्धीला शोभणारे होते. त्याने रस्त्याचा एकेक टप्पा निराळा तपासला.

पहिली तपासणी अडॅप्टरची. नऊ पिनांच्या टोकाला २ आणि ३ क्रमांकाच्या पिना एका बारीक तारेने जोडायच्या, ‘पुट्टी’ हा मोफत प्रोग्राम उघडून त्यात तो पोर्ट निवडायचा आणि काही अक्षरे टाइप करायची. संगणकाने बोललेले त्याच्याच कानावर परत आले, तर टाइप केलेली अक्षरे पडद्यावर उमटतात. अक्षरे उमटली. म्हणजे लॅपटॉप, ड्रायव्हर आणि अडॅप्टर तिन्ही ठीक.

दुसरी तपासणी वायरीची. संगणकाच्या बाजूला २ क्रमांकाची पिन ऐकण्याची, ३ ची बोलण्याची आणि ५ ची जमिनीची. काट्याची बोलणारी तार संगणकाच्या ऐकणाऱ्या पिनेवर आली पाहिजे. दोघेही एकाच तारेवर बोलू लागले तर ऐकणार कोण? काही वायरींत या दोन तारा सरळ असतात, काहींत उलटसुलट, आणि बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात. गावातल्या इलेक्ट्रिशियनच्या मल्टिमीटरने हे सहज कळते: काटा चालू असून काही पाठवत नसेल तेव्हा त्याच्या बोलणाऱ्या पिनेवर जमिनीच्या तुलनेत ऋण दाब असतो, साधारण उणे ५ ते उणे १२ व्होल्ट. वायरीच्या संगणकाकडील टोकाला तो दाब २ क्रमांकावर मिळाला. म्हणजे वायरही ठीक. हे सारे सीलबंद भागाच्या बाहेर करायचे आहे. सीलला हात लावण्याचे काहीच कारण नाही, आणि तसा अधिकारही नाही.

तिसरी तपासणी भाषेची. पुट्टीमध्ये काट्याचा पोर्ट उघडल्यावर काहीतरी येत होते, पण ते चौकोन आणि चिन्हांचे कडबोळे होते. असे कडबोळे आले म्हणजे आनंद मानावा: काटा बोलतो आहे, फक्त ऐकण्याचा वेग जुळत नाही. लॅपटॉप ९,६०० वर होता. काट्याच्या जुन्या माहितीपुस्तिकेत, जी दिवाणजींनी हळदीकुंकू वाहिलेल्या पहिल्या वहीबरोबर जपून ठेवली होती, वेग २,४०० लिहिलेला होता. तो बदलताच पडद्यावर ओळीमागून ओळ उतरू लागली. काट्यावर कोणी नव्हते, म्हणून साऱ्या ओळी शून्याच्या होत्या. काटाखोलीतला मुलगा बाहेर जाऊन काट्यावर उभा राहिला आणि पडद्यावर ५५ आले. तो परत आत आला, तेव्हा सगळे हसत होते.

शेवटी बिलाच्या प्रोग्रामला पोर्टचा क्रमांक सांगायचा राहिला. या अडॅप्टरला स्वतःचा अनुक्रमांक नसल्याने विंडोज त्याला यूएसबीच्या जागेवरून ओळखते. आज डावीकडे लावला आणि उद्या उजवीकडे, तर कॉमचा क्रमांक बदलतो आणि बिलाचा प्रोग्राम जुन्याच दारावर थाप मारत राहतो. म्हणून एकच जागा ठरवून तेथे लाल ठिपका चिकटवला. जुना प्रोग्राम पहिले चारच पोर्ट ओळखत होता. डिव्हाइस मॅनेजरमधील पोर्ट सेटिंगच्या ‘ॲडव्हान्स्ड’ भागात जाऊन क्रमांक ३ करून घेतला. वीज वाचवण्यासाठी लॅपटॉपने यूएसबीचा पुरवठा मधूनच बंद करू नये, म्हणून पॉवर मॅनेजमेंटमधील ती खूणही काढली. नाहीतर दुपारच्या शांत वेळेनंतर आलेली पहिली ट्रॉली पुन्हा शून्यच दाखवते, आणि दोष काट्याला दिला जातो.

त्या संध्याकाळी पहिली पावती वायरीतून आलेल्या आकड्याची निघाली. काकांनी बिलाच्या प्रोग्राममध्ये वजनाचा रकाना हाताने भरता येणार नाही अशी सोय करून घेतली. वायर पुन्हा बंद पडली तर पावती छापायचीच नाही, कार्बनच्या पुस्तकात शेतकऱ्यासमोर आकडा लिहून त्याची सही घ्यायची, असा नियम केला. आवक वाढलेली असताना हा नियम गैरसोयीचा आहे, आणि काटाखोलीतल्या मुलाने तसे बोलूनही दाखवले. नियम तसाच राहिला.

त्याच चिपचा दुसरा अडॅप्टर आता ड्रॉवरमध्ये तयार ठेवलेला असतो. पहिल्या नकली अडॅप्टरची वायर कापून पुतण्याने ती काटाखोलीच्या खिळ्याला टांगली आहे. ती कशासाठी, हे येणारे-जाणारे विचारतात. पडताळणी प्रमाणपत्राच्या खाली एक चिठ्ठी चिकटवलेली आहे: लाल ठिपक्याची जागा, कॉम ३, वेग २,४००, आठ, पॅरिटी नाही, एक. त्याखाली दिवाणजींनी आपल्या वळणदार अक्षरात तारीख, काय बदलले आणि कोणी बदलले, असे तीन रकाने आखून ठेवले आहेत. पहिली ओळ पुतण्याच्या हातची आहे. बाकीच्या अजून कोऱ्या आहेत.